कॉम्प्युटरचा आवाज खरखरतोय? स्पीकर बदलण्याआधी साउंड कार्ड बघा; जुन्या कॅसेट वाचवायच्या असतील तर आधी हे वाचा

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तिच्यात लग्नपत्रिका, जुनी बिलं, आणि तळाशी कॅसेट. कुणाच्या आजोबांनी गायलेले अभंग, कुणाच्या गावच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, कुणाच्या आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या. गाणारी माणसं गेली. त्यांचा आवाज राहिला तो चार मिलिमीटरही रुंद नसलेल्या फितीवर, आणि ती फीत दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होते आहे.

मग घरातला कॉलेजला जाणारा पोरगा म्हणतो, कॉम्प्युटरमध्ये भरून टाकू. शेजारून टेपरेकॉर्डर आणला जातो, दोन्हीकडे पिन असलेली वायर मिळते, एक टोक टेपच्या इअरफोनला आणि दुसरं कॉम्प्युटरच्या गुलाबी भोकात. रेकॉर्डिंग होतं. ऐकायला बसलं की आवाज फाटलेला, पखवाज म्हणजे नुसता पत्रा बडवल्यासारखा, आणि सगळ्याच्या मागे ‘घूंऽऽ’ असा मोटारीसारखा नाद. निष्कर्ष निघतो की कॅसेट खराब झाली. पेटी परत माळ्यावर.

बऱ्याच वेळा कॅसेट खराब झालेली नसते. गडबड मधल्या वाटेवर असते, आणि त्या वाटेचं नाव साउंड कार्ड. हीच वाट फोटो स्टुडिओत लग्नाची व्हिडिओ जोडणाऱ्याची, ऑनलाइन क्लास घेणाऱ्या शिक्षकाची आणि भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकणाऱ्याचीही आहे. यातले अनेक जण आधी स्पीकर बदलतात, मग माईक बदलतात, आणि दोन्ही बदलूनही खरखर तशीच राहते. विहिरीतच गाळ असेल तर ठिबकच्या नळ्या बदलून ड्रिपर साफ चालत नाहीत, तसंच हे आहे.

साउंड कार्ड करतं काय?

कॉम्प्युटरला आवाज कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. गाण्याची फाइल म्हणजे आकड्यांची लांबच लांब रांग. या आकड्यांपासून विजेची कमी-जास्त होणारी लाट बनवायची आणि ती स्पीकरकडे पाठवायची, हे साउंड कार्डाचं पहिलं काम. दुसरं काम उलट दिशेचं. माईककडून किंवा टेपकडून आलेली विजेची लाट मोजायची आणि तिचे आकडे करून कॉम्प्युटरला द्यायचे. सीडीच्या दर्जाच्या आवाजात ही मोजणी एका सेकंदात ४४,१०० वेळा होते. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० कंपनांपर्यंतचं ऐकू येतं, आणि कोणतंही कंपन नीट पकडायचं तर त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं. म्हणून हा आकडा चाळीस हजारांच्या थोडा वर ठेवलेला आहे.

सुरुवातीच्या कॉम्प्युटरमध्ये हे काहीच नव्हतं. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला, त्यात फक्त ‘बीप’ करणारा छोटा स्पीकर होता. १९८७ मध्ये कॅनडातल्या ॲडलिब कंपनीचं संगीत वाजवणारं कार्ड आलं. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ काढलं आणि ते इतकं चाललं की पुढची अनेक वर्षं साउंड कार्ड म्हणजे साउंड ब्लास्टरच असं समीकरण होतं. नव्वदच्या दशकात ‘मल्टिमीडिया कॉम्प्युटर’ म्हणून जे विकलं जायचं, त्यात सीडी ड्राइव्ह, दोन स्पीकर आणि हे कार्ड हाच मुख्य फरक असायचा.

नंतर इंटेलने १९९७ मध्ये एसी-९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ असे मापदंड आणले आणि आवाजाची चिप थेट मदरबोर्डवरच येऊ लागली. आज बहुतेक डेस्कटॉपमध्ये मागच्या बाजूला हिरवं, गुलाबी आणि फिकट निळं अशी तीन भोकं दिसतात, ती याच चिपची. म्हणजे साउंड कार्ड नाही असा डेस्कटॉप आता जवळजवळ नसतोच. प्रश्न एवढाच की बोर्डावरचं पुरतं का, की वेगळं घ्यावं.

खरं सांगायचं तर गाणी ऐकणं, सिनेमा बघणं, मीटिंगला बसणं यासाठी गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बोर्डावरची चिप पुरेशी आहे. दुकानदार काहीही सांगो. चिप वाईट नसते, तिची वस्ती वाईट असते. तिच्या शेजारीच पॉवर सप्लाय, ग्राफिक कार्ड, पंखे आणि हार्ड डिस्क यांची विजेची सतत उघडझाप चालू असते, आणि त्यातला थोडा कचरा आवाजाच्या वाटेत पडतो. माउस हलवला की स्पीकरमध्ये ‘चिर्र’ असा आवाज येतो ना, तो हाच.

पैसे खर्च करण्याआधी

पहिली तपासणी फुकटची आहे. स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढून मोबाइलला लावायची. (मोबाइलला पिनचं भोक नसेल तर जुना मोबाइल शोधावा, प्रत्येक घरात एक तरी पडलेला असतो.) मोबाइल चार्जिंगला लावलेला नको. तेच गाणं वाजवायचं. आवाज स्वच्छ आला तर स्पीकर निर्दोष आहे, दोष कॉम्प्युटरच्या बाजूला. खरखर तिथेही आली तर साउंड कार्ड घेऊन काडीचा फायदा होणार नाही.

दुसरी गोष्ट, पिन पुढच्या बाजूला लावली असेल तर ती काढून मागच्या हिरव्या भोकात लावावी. पुढच्या भोकापासून बोर्डापर्यंत एक बारीक वायर कॅबिनेटच्या आतून सगळ्या यंत्रांच्या अंगावरून जाते आणि वाटेत सगळा कचरा गोळा करते. फक्त एवढ्याने अर्धी खरखर गेल्याची उदाहरणं आहेत.

तिसरी, ड्रायव्हर. तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर फॉरमॅट करून आणला की अनेकदा विंडोज टाकलेलं असतं, पण आवाजाचा खरा ड्रायव्हर टाकलेला नसतो. विंडोज स्वतःचा कामचलाऊ ड्रायव्हर लावून घेतं. आवाज येतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही, पण निळं भोक चालत नाही किंवा माईकचा आवाज अगदी बारीक येतो. मदरबोर्डाचा मॉडेल नंबर बघून बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर उतरवावा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये, त्यातून ड्रायव्हरपेक्षा जाहिरातीच जास्त येतात.

चौथी, माईक बूस्ट. विंडोजच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये माईकच्या पातळीखाली ही आणखी एक पट्टी असते. कुणीतरी ती कधीतरी शेवटपर्यंत ओढून ठेवलेली असते. ती बोलण्यासोबत पंख्याचा, कुकरच्या शिट्टीचा आणि चिपच्या स्वतःच्या खरखरीचा आवाजही तितकाच वाढवते. ती शून्यावर आणून माईक तोंडाजवळ घेणं हा बरा उपाय.

अर्थिंग, म्हणजे खेड्यातलं मूळ दुखणं

‘घूं’ असा एकसुरी, जाडा नाद असेल तर तो बहुतेक वेळा साउंड कार्डाचा नसतोच. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते, तोच ५० चा किंवा त्याच्या दुपटीचा सूर स्पीकरमध्ये उतरतो. आणि तो उतरतो मुख्यतः अर्थिंग नसल्यामुळे.

कॅबिनेटच्या पत्र्याला हाताचा मागचा भाग लागला की झिणझिण्या येतात, हा अनुभव अनेकांना आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला कचरा गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला. त्यांनी गाळलेला कचरा अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी रचना आहे. अर्थिंगच नसेल तर पत्रा मधल्या मध्ये लटकतो आणि त्यावर २३० व्होल्टच्या निम्मा, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टचा दाब बसतो. प्रवाह अगदी किरकोळ असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण तोच प्रवाह स्पीकरच्या वायरीतून ॲम्प्लिफायरकडे जायला वाट शोधतो, आणि मग हजारो रुपयांचं साउंड कार्ड बसवा नाहीतर काही करा, ‘घूं’ जात नाही.

अनेक घरांत बोर्डाला तीन भोकं असतात, पण वरच्या मोठ्या भोकाला मागे वायरच जोडलेली नसते. वायर असते तिथे अर्थिंगचा खड्डा घर बांधताना केलेला, त्यानंतर त्याच्याकडे कुणी बघितलेलं नाही. कोळसा आणि मीठ घातलेला तो खड्डा उन्हाळ्यात कोरडाठाक पडतो. मोटारीच्या स्टार्टरजवळच्या अर्थिंगला बादलीभर पाणी घालणारा शेतकरी घराच्या अर्थिंगला पाणी घालत नाही, ही गंमत आहे. वायरमनकडून एकदा तपासून घ्यावं. त्याने कॉम्प्युटरचाच नाही, घरातल्या माणसांचाही बचाव होतो.

काही जण उलटा उपाय करतात. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापतात, ‘घूं’ थांबतं, आणि खूश होतात. हे कधीही करू नये. त्या पिनेमुळे नाद येत होता याचा अर्थ कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर आहेत आणि दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक आहे. आवाजाच्या वायरीतून तो फरक फिरत राहतो. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतली की अनेकदा प्रश्न मिटतो. नाही मिटला तर आवाजाच्या वायरीत मध्ये लावायचा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाचा डबीएवढा तुकडा मिळतो. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पुढे जातो आणि फिरणारा प्रवाह तुटतो. तो काहीशे रुपयांत येतो, साउंड कार्डापेक्षा आधी तो लावून बघावा.

आणखी दोन गोष्टी खेड्यातच भेटतात. लाइट गेली की स्वस्त इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, तेव्हा स्पीकरमध्ये कर्कश ‘झंऽऽ’ येतं. या इन्व्हर्टरची वीज गोल लाटेची नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते, त्यामुळे तसं होतं. रेकॉर्डिंग लाइट असतानाच करावं. आणि सेकंदा-सेकंदाला ‘टक, टक’ असं अगदी ठेक्यात वाजत असेल तर कॉम्प्युटर उघडायच्या आधी डुकरांसाठी लावलेली झटका मशीन बंद करून बघावी. तारेला गवत टेकलं असेल किंवा मशीनचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडलेलं असेल तर तिचा ठोका आवाजाच्या वायरीत येऊ शकतो. दोन अर्थिंगमध्ये निदान दहा मीटर अंतर हवं.

मग कार्ड घ्यायचं कुणी?

एवढं सगळं करूनही खरखर उरली, किंवा बोर्डावरची भोकं जळाली आहेत, किंवा बाहेरचा आवाज चांगल्या दर्जाने आत घ्यायचा आहे, तर वेगळं कार्ड घेण्यात अर्थ आहे. ज्याला फक्त आवाज मोठा हवा आहे त्याने घेऊ नये. आवाज मोठा करणं ॲम्प्लिफायरचं काम आहे. व्हॉट्सॲपवरून दहा वेळा फिरून आलेलं गाणं चांगलं ऐकू यावं म्हणूनही घेऊ नये, जे फाइलमध्येच उरलेलं नाही ते कोणतंही कार्ड परत आणू शकत नाही. आणि ज्याचा हेडफोन यूएसबी पिनचा आहे किंवा आवाज ब्लूटूथवरून जातो, त्याने तर मुळीच घेऊ नये. त्या हेडफोनमध्ये स्वतःचं छोटं साउंड कार्ड बसवलेलंच असतं, कॉम्प्युटरचं कार्ड वाटेत येतच नाही.

कार्डं दोन जातींची. एक कॅबिनेट उघडून आत बसवायचं. जुन्या डेस्कटॉपमध्ये पांढऱ्या लांब खाचा असतात त्या पीसीआय, नव्यात छोट्या खाचा असतात त्या पीसीआय एक्स्प्रेस. एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही, त्यामुळे जाताना खाचेचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा. ऑफिसातून लिलावात निघालेले बारीक कॅबिनेट अनेकांनी घेतले आहेत, त्यांना कमी उंचीची पट्टी असलेलं कार्ड लागतं, हेही दुकानात आधीच सांगावं.

दुसरी जात यूएसबीची. ही बाहेरूनच जोडायची, म्हणून कॅबिनेटमधल्या कचऱ्यापासून लांब राहते, आणि उद्या लॅपटॉप घेतला तर त्यालाही चालते. खेड्यातल्या वापरासाठी हीच बरी. पण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. पेन ड्राइव्हएवढी, दोन-तीनशे रुपयांची कार्डं मिळतात. त्यावर ‘७.१ सराउंड’ असं छापलेलं असतं. भोकं मात्र दोनच, एक हेडफोनचं आणि एक माईकचं. आठ स्पीकरचा आवाज एका हेडफोनच्या भोकातून कुठून येणार? जळालेल्या भोकाला पर्याय म्हणून हे कार्ड ठीक आहे, मीटिंगला चालतं. कॅसेट भरायला ते निरुपयोगी आहे.

कारण कॅसेट भरायची तर कार्डाला ‘लाइन इन’ हवं. माईकमधून येणारी वीज हजाराव्या हिश्श्यातल्या व्होल्टची असते, टेपच्या लाइन आउटमधून येणारी साधारण एक तृतीयांश व्होल्टची, म्हणजे शेकडो पट जास्त. माईकसाठी बनवलेल्या गुलाबी भोकात टेप जोडणं म्हणजे पाव इंची नळीला पाच एचपीची मोटर जोडणं. शिवाय माईकचं भोक बहुतेक वेळा एकाच बाजूचा आवाज घेतं, डावं-उजवं वेगळं घेत नाही, आणि माईक चालवण्यासाठी ते स्वतःच थोडी वीज बाहेर सोडत असतं. सुरुवातीला सांगितलेल्या पोराचं रेकॉर्डिंग फाटलं ते यामुळे. त्याच कॉम्प्युटरच्या मागे फिकट निळं भोक असेल, तर नवीन काहीही न घेता काम झालं असतं.

ज्यांना गायकाचं नवीन रेकॉर्डिंग करायचं आहे, म्हणजे भजनी मंडळं, शाहीर, स्टुडिओवाले, त्यांच्यासाठी यूएसबी ‘ऑडिओ इंटरफेस’ हा प्रकार आहे. काही हजारांत मिळतो. स्टेजवरच्या माईकची तीन काड्यांची जाड पिन थेट त्यात बसते. कंडेन्सर माईकला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा त्याच्यातच बटन दाबून मिळतो, मात्र हे बघूनच घ्यावं, सगळ्यात स्वस्त डब्यांत हे बटन नसतं. दुसरं म्हणजे ‘डायरेक्ट मॉनिटर’ आहे का ते विचारावं. नसेल तर गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू येतो आणि चांगला गाणाराही तालातून सुटतो.

खोक्यावरच्या आकड्यांना फार भुलू नये. १६ बिटमध्ये सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबलचं मिळतं, २४ बिटमध्ये कागदावर १४४ चं. प्रत्यक्षात चांगली कार्डंही ११०-१२० च्या आसपास थांबतात. आणि साध्या कॅसेटमध्ये हे अंतर जेमतेम ५०-६० डेसिबलचं असतं. म्हणून ‘१९२ किलोहर्ट्झ’ वाचून जास्तीचे पैसे देणं म्हणजे पाच गुंठ्यांसाठी ट्रॅक्टर घेणं. २४ बिटचा एक खरा फायदा आहे, रेकॉर्डिंगची पातळी थोडी कमी ठेवली तरी नुकसान होत नाही.

बसवताना आतलं कार्ड असेल तर कॉम्प्युटर बंद करून बोर्डातून पिन काढावी, मग पॉवरचं बटन एकदा दाबून उरलेली वीज संपवावी, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावावा आणि मग कार्डाला हात लावावा. ग्राफिक कार्डाच्या अगदी शेजारची खाच टाळावी. यूएसबी असेल तर मागच्या भोकात थेट लावावं, हबमध्ये नको. आणि बसवूनही आवाज आला नाही तर कार्ड परत करायला धावू नये. विंडोजमध्ये आवाज कुठून बाहेर पडायचा हे निवडावं लागतं. एचडीएमआय वायरीने मॉनिटर जोडलेला असेल तर विंडोज अनेकदा सगळा आवाज मॉनिटरकडे पाठवतं, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतात.

कॅसेट भरताना

सर्वात आधी कॅसेट बघावी. फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती चांगल्या टेपमध्ये घालू नये, हेड खराब होतं आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. अशा कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. बाकीच्यांना एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवून घ्यावं, वर्षानुवर्षं चिकटलेली फीत मोकळी होते. टेपचं हेड आणि रबरी चाक हे नीट साफ केलेलं हवं. हेडला मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन चोळावं. काडी तपकिरी निघते. ती पांढरी निघेपर्यंत चोळायचं. आवाज दबलेला येत असेल तर निम्म्या वेळा कारण ही काडीच सांगते.

टेपला मागे लाल-पांढरी भोकं असतील तर तिथून वायर घ्यावी. नसतील तर इअरफोनचं भोक चालेल, पण टेपचा आवाज मध्यापेक्षा खाली ठेवावा आणि बास-ट्रेबल मध्यावर. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतं.

पातळी ठरवताना बुवांच्या पहिल्या आलापावर ठरवू नये. कॅसेट पुढे नेऊन जिथे गजर टिपेला गेला आहे, टाळ, पखवाज आणि सगळं मंडळ एकत्र आहे, तिथे लावावी. त्या ठिकाणी पट्टी उणे ६ च्या आसपास राहिली पाहिजे. टेपवर थोडा जास्त आवाज गेला तर तो थोडासा भरडला जायचा, कानाला चालून जायचं. कॉम्प्युटरमध्ये शून्याच्या वर गेलेली लाट सरळ कापली जाते, ती नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने मूळची होत नाही. टाळाचा ठोका क्षणाचा असतो, पट्टीवर नीट दिसतही नाही, पण कापला तोच जातो.

फाइल वेव्ह प्रकारात ठेवावी. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन बाजू असं धरलं तर मिनिटाला साडेदहा एमबी लागतात, साठ मिनिटांच्या कॅसेटला सुमारे ६३५ एमबी. एमपीथ्री केली तर तीच कॅसेट साठ एमबीच्या आत येते, नातेवाइकांना पाठवायला ती ठीक. पण घरात ठेवायची ती वेव्हच. पेन ड्राइव्हवर एकच प्रत ठेवून निर्धास्त राहू नये, दुसरी प्रत दुसऱ्या गावातल्या भावाकडे किंवा बहिणीकडे असावी.

खरखर काढण्याची सोय ऑडॅसिटीत आहे. गाणं सुरू होण्याआधीचा दोन-तीन सेकंदांचा रिकामा तुकडा दाखवायचा, त्यातली खरखर ओळखून ते सगळीकडून वजा करतं. इथे हाव नडते. जास्त वजा केलं की गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटतं, आणि टाळांचा झणकार निघून जातो. थोडी खरखर राहू द्यावी. कान तिला पाच मिनिटांत विसरतो. आणि हे सगळं नकलेवर करावं, मूळ फाइलला हात लावू नये. आज जमलं नाही ते उद्या कुणाला तरी जमेल.

फाइलचं नाव ‘न्यू रेकॉर्डिंग ४’ असं ठेवण्याची सवय आहे. कॅसेटच्या कागदावर पेनाने जे लिहिलं आहे ते जसंच्या तसं नावात टाकावं आणि त्या कागदाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. पेटी कुणी वाजवली, मृदंगावर कोण होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून ऐकवता ऐकवता विचारून घ्यावं. रेकॉर्डिंग आपल्या वेगानेच चालतं, साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतातच, तेवढ्यात बरंच काही सांगून होतं.

आणि टेपमध्ये कॅसेट घालण्याआधी एक काम. कॅसेटच्या फितीच्या विरुद्ध बाजूच्या कडेला, दोन कोपऱ्यांत, प्लास्टिकचे दोन छोटे चौकोनी कान असतात. ते पेनाच्या टोकाने मोडून टाकावेत. मग टेपचं लाल बटन दाबलं तरी दाबलं जात नाही, आणि आजोबांच्या आवाजावर दुसरं काही भरलं जात नाही.